शून्यातून उभी केलेली मंडळी

शुक्रवार, ५ मे २०१७

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. येत्या जुलैत मी साठ वर्षांचा होतो. साठीला माणसाने मागे वळून बघावं आणि बघितलेलं लिहून ठेवावं, नाहीतर नंतर लोक वाटेल ते लिहितात. नयनाला हे सांगितलं. ती म्हणाली, "लिहा की. पण आधी एसीवाल्याला फोन करा, बेडरूममध्ये पाणी गळतंय."

आज उपासनेनंतर दोन गोष्टी झाल्या. आमचे पाळक सुट्टीवर कोल्हापूरला निघाले, ते ऑगस्टपर्यंत येत नाहीत. तोवर शुक्रवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलवरचं प्रवचन, मी घ्यायचं. पाळकसाहेब म्हणाले, "उजागरे, तुमच्याशिवाय आहे कोण?" मी काही बोललो नाही. खरं असलं की बोलू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे मंडळीचा सेक्रेटरी अमेय गायकवाड मला जिन्यात बाजूला घेऊन गेला. "काका, चौदा जुलैला तुमचा साठावा वाढदिवस, आणि नेमका शुक्रवार. मंडळीतर्फे सत्कार करायचा. शाल, नारळ, मानपत्र, सगळं." मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर पोराने ऐकलं असतं, म्हणून थांबलो.

आता मानपत्र लिहिणार कोण? अमेयचा जन्म मस्कतचा. मराठी फर्डं बोलतो, पण लिहायला बसला की त्याला घाम फुटतो. "काका, तुमच्याइतकं चांगलं मराठी कोणाचं आहे इथे? तुम्हीच लिहून द्या ना. मी फक्त वाचतो." स्वतःचं मानपत्र स्वतः लिहायचं म्हणजे जरा कसंतरीच. पण मंडळीच्या कार्यक्रमात अशुद्ध मराठी वाचलं गेलं तर जास्त वाईट. हो म्हटलं.

शास्त्रपाठाचा विषयही ठरला: देवाने जग शून्यातून निर्माण केलं. सोपा विषय, वाद नाही, आणि मला जवळचा. अबू हमूरच्या चर्च संकुलात वरच्या मजल्यावर दर शुक्रवारी भरणारी ही मराठी मंडळी २०११ साली शून्यातून कोणी उभी केली, हे दोह्यात कोणालाही विचारा.

रविवार, ७ मे

अल खोरच्या स्टेडियमवर काँक्रीटची गुणवत्ता माझ्याकडे आहे. माझ्या सहीशिवाय तिथे मिक्सर रिकामा होत नाही. पाच वर्षांनी सगळं जग तिथे फुटबॉल बघायला येईल, पण पायाखाली काय ओतलंय हे कोणी विचारणार नाही. असो.

कंपनीच्या बसमध्ये मानपत्राचा मसुदा झाला. 'ज्यांनी परक्या मुलखात, कसलंही पाठबळ नसताना, निव्वळ शून्यातून ही मंडळी उभी केली...' हे वाक्य आपोआप उतरलं. मानपत्राला ते लागतंच. शून्यातून काही उभं न केलेल्या माणसाला आपल्याकडे शाल मिळत नाही.

संध्याकाळी नयनाला वाचून दाखवलं. ती हॉस्पिटलला निघाली होती, केसांना पिना लावत होती. "छान आहे," म्हणाली. मग दारात थांबली. "शून्यातून?"

"हो. का?"

"काही नाही," म्हणाली आणि गेली. तिला भाषेची फारशी आवड नाही. नर्सिंगवाल्यांना त्यासाठी वेळ कुठून मिळणार!

शुक्रवार, १२ मे

पहिला पाठ झाला. तयारीला बसलो आणि डोक्याला हात लावला. मला वाटलं होतं, पहिल्या शतकापासून सगळे ख्रिस्ती एकमुखाने 'शून्यातून' म्हणत आले असतील. छे! पहिली दीडशे-दोनशे वर्षं या लोकांचं एकमत नाही.

ग्रीक आणि लॅटिन नावं घेतली की मंडळी पेंगायला लागते. म्हणून मी आपली घरगुती युक्ती केली, गावांवरून आडनावं पाडली. पहिले नाब्लुसकर. रोममध्ये शिकवायचे, ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अंगातला तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही, पुढे विश्वासासाठी मान दिली. हे नाब्लुसकर चक्क म्हणतात, देवाने जग आकार नसलेल्या द्रव्यातून घडवलं. म्हणजे द्रव्य आधी होतं! ते द्रव्य कोणी केलं, यावर नाब्लुसकर स्वस्थ. त्यांना त्यात काही खटकतच नाही. हुतात्मा माणूस, त्याला चूक कसं म्हणायचं?

मी हे सांगून पुढे सरकणार होतो. पण आमची अनुष्का, वय वर्षं सोळा, हात वर करून बसली. "डॅडी, बायबलच्या सेकंड व्हर्समध्ये वॉटर ऑलरेडी आहे. डार्कनेस पण आहे. लाइट नंतर येतो. सो हू मेड द वॉटर?"

मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे, पुढच्या वेळी घेऊ. मागच्या बाकावरून तानूबाई म्हणाली, "पोरीनं बरोबर धरलं, साहेब." तानूबाई मूळची श्रीरामपूरकडची. अल खोरला एका मराठी कुटुंबात स्वयंपाकाला आहे आणि शुक्रवारी त्यांच्याच गाडीतून येते. आठवड्यात तेवढीच सुट्टी मिळते तिला. नयनाची फार जुनी ओळख. मला साहेब म्हणते आणि नयनाला सिस्टर.

घरी येताना अनुष्काला म्हटलं, चारचौघांत बापाला असं कोंडीत पकडू नये. ती म्हणाली, "आय वॉज जस्ट आस्किंग." नयना खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलल्यासारखे वाटले. रस्ता खराब आहे तिथला.

शुक्रवार, १९ मे

आज कार्थेजकर विरुद्ध चित्रकार. काय रंगला पाठ! कार्थेजमध्ये एक चित्रकार होता, ख्रिस्तीच. त्याचं म्हणणं असं: देवाने जग एक तर स्वतःतून केलं, किंवा शून्यातून, किंवा कशातून तरी. स्वतःतून म्हणावं तर देवाचे तुकडे पडतील. शून्यातून म्हणावं तर जगात वाईट आलं कुठून, देव तर चांगला आहे. तेव्हा कशातून तरी, म्हणजे अनादि काळापासून पडलेल्या द्रव्यातून. जगातलं जे काही वाकडं आहे ते त्या द्रव्याचं.

कार्थेजकर म्हणजे जिभेला धार असलेला माणूस. अनादि काळापासून देवाच्या जोडीला द्रव्य होतं म्हणता, मग ते देवाच्या बरोबरीचं झालं की! शिवाय देवाला त्याची गरज पडली, म्हणजे देव त्याचा ऋणाईत. असं त्याला सोलून काढलंय. आणि शेवटी म्हणतात, या गृहस्थाने त्या अस्ताव्यस्त द्रव्याचं वर्णन करता करता स्वतःचंच चित्र काढलं आहे.

हे मी मंडळीला दोनदा वाचून दाखवलं. माणूस दुसऱ्याबद्दल लिहायला बसतो आणि स्वतःचंच चित्र काढून बसतो, हे किती खरं! आणि गंमत म्हणजे काहींना ते शेवटपर्यंत कळत नाही. मी असं म्हणालो तेव्हा नयनाने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर पदर घेतला. एसी फार थंड ठेवतात.

शुक्रवार, २६ मे

अंत्युखियाकर मला सर्वांत पटले. बिशप होते. ते म्हणतात, आधीच असलेल्या सामानातून देवाने जग केलं तर त्यात मोठं काय? साध्या कारागिराला सामान द्या, तोही हवी ती वस्तू करून देतो. काहीच नसताना हवं ते करणं, यात देवाची थोरवी.

वा! घरी येऊन मानपत्रात एक वाक्य वाढवलं: 'सामान हाताशी असताना कोणीही घडवतो, काहीच नसताना घडवणारा विरळा.' अमेयला व्हॉट्सॲप केलं. त्याने अंगठा पाठवला. नयनाला दाखवलं, तर ती म्हणाली, "देवाबद्दल आहे ना हे?" म्हटलं, मूळचं देवाबद्दल आहे. ती "मग ठीक" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. उद्यापासून रमजान. साइटवर कामाचे तास कमी.

सोमवार, ५ जून

आज आक्रीत झालं. सकाळी उठतो तर शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडलेले. जमिनीची हद्द बंद, विमानं बंद, जहाजं बंद. सुपरमार्केटमध्ये दुधासाठी झुंबड उडालेली. नयना म्हणाली, हॉस्पिटलमध्ये सगळ्या पोरी घरी फोन लावत होत्या.

साइटवर वेगळीच रड. आमच्या काँक्रीटची काळी खडी बाहेरून समुद्रमार्गे येते. इथला दगड आम्हाला चालत नाही, आणि वाळवंटातली वाळू तर इतकी बारीक की काही कामाची नाही. चारी बाजूंना वाळूच वाळू, आणि बांधायला हाताशी काही नाही! प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यांना उभं करून भाषण दिलं: या देशाने शून्यातून शहर उभं केलंय, आपण थांबणार नाही, यल्ला, चला. मी हात वर करून म्हटलं, सर, खडी किती दिवस पुरेल ते आधी बघू.

मिक्सिंग प्लांटवर रत्नागिरीचा कमाल आहे. रोजा असल्यामुळे भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "उजागरेसाहेब, अल्लाने नुसतं 'हो' म्हटलं न् झालं. आपल्याला डिलिव्हरी नोट लागते." मी हसलो. मग दिवसभर ओमानच्या सप्लायरला फोन करून खडी खडी म्हणून ओरडत होतो.

शुक्रवार, ९ जून

पाठ घेतला, पण कोणाचं लक्ष नव्हतं. त्याला कारण आहे.

ज्या चर्चच्या इमारतीत आम्हाला खोली मिळते, त्यांच्या समितीने सगळ्या लहान मंडळ्यांना बोलावून सांगितलं की खोल्यांचं वाटप नव्याने होणार. वर्ल्ड कपच्या कामांवर माणसं इतकी आली आहेत की नेपाळी, तमिळ, तेलुगू सगळ्यांनाच शुक्रवार हवा. नियम असा: २००८ साली हे संकुल उघडण्याच्या आधीपासून ज्यांनी घराघरांतून प्रार्थना चालू ठेवली, त्यांना शुक्रवारचा पहिला मान. नंतर सुरू झालेल्यांना मंगळवार संध्याकाळ. २३ तारखेला प्रत्येक मंडळीच्या प्रमुखाने येऊन आपली हकिकत तोंडी सांगायची.

मंगळवारी कोण येणार? नर्सेसच्या शिफ्टा, साइटवरच्या पोरांच्या बसेस, तानूबाईला तर शुक्रवारशिवाय घराबाहेर पडता येत नाही. मंगळवारची मंडळी म्हणजे मी आणि अमेय, समोरासमोर.

तानूबाई म्हणाली, "आपल्याला काय धाड भरली? आपण तर त्याच्या आधीचे. बिन महमूदला सिस्टरच्या खोलीत व्हतो की आपण समदे." बिन महमूद म्हणजे दोह्यातली नयनाची जुनी वस्ती. सगळे नयनाकडे बघायला लागले. मी लगेच खुलासा केला की ती बायकांची बैठक होती. नाव नव्हतं, घटना नव्हती, कमिटी नव्हती, इतिवृत्त नव्हतं. तिला मंडळी म्हणता येत नाही. अमेय म्हणाला, "पण काका, होतं ना काहीतरी?"

काहीतरी! नाब्लुसकर भेटले म्हणायचे.

मंगळवार, १३ जून

विचार करतो आहे. वस्तुस्थिती अशी आहे. नयना २००५ साली एकटी इथे आली, नर्स म्हणून. मी आणि अनुष्का नगरला, माझ्या आईजवळ. २००९ मध्ये नयनाच्या स्पॉन्सरशिपवर मी इथे आलो. माझ्या तोलामोलाचं काम लगेच मिळालं नाही, म्हणून काही काळ घरी होतो. दर शुक्रवारी बायका यायच्या, गायच्या, डबे उघडायच्या. मग वर्ल्ड कप कतारला मिळाला, कामं निघाली, मला नोकरी लागली. आणि २०११ मध्ये मी या सगळ्याला नाव दिलं, घटना लिहिली, खोली मिळवली. मंडळी निर्माण झाली.

आता समितीपुढे जाऊन २००५ पासून म्हणावं, तर खोली वाचते. पण मग शून्य कुठे राहिलं? अंत्युखियाकरांचा सवाल उभा राहतो: सामान आधीच होतं, तर तुम्ही काय मोठं केलंत? आणि २०११ म्हणावं, तर मान राहतो आणि खोली जाते.

बरं, मी खोटं काही म्हणत नाहीये. आकार नसलेल्या गोष्टीला 'होती' म्हणायचं की 'नव्हती', हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटला नाही.

सोमवार, १९ जून

नयना आज हॉस्पिटलमधून एक गंमत घेऊन आली. तिच्या वॉर्डातली केरळची कॅथलिक नर्स आहे, तिच्याकडच्या शास्त्रात आमच्यापेक्षा काही पुस्तकं जास्त आहेत. त्यातली एक गोष्ट नयनाने वाचली. एका आईची सात मुलं राजा तिच्यादेखत एकेक करून मारत जातो. शेवटचा धाकटा उरतो, तेव्हा ती त्याला सांगते, भिऊ नकोस, आकाश बघ, जमीन बघ, देवाने हे आधी असलेल्या कशातून केलेलं नाही.

"म्हणजे तुमच्या त्या अंत्युखियाकरांच्या कितीतरी आधी," नयना म्हणाली. "एका बाईने सांगितलंय."

मी विचारलं, नाव काय तिचं? गावावरून आडनाव पाडता आलं असतं.

"नाव दिलेलं नाही."

"अरेरे," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, अजून काही सांगायचं असेल, पण ती कुकर लावायला गेली. मुद्दा पाठासाठी उपयोगी आहे, टिपून ठेवला.

शुक्रवार, २३ जून

काय लिहू?

समितीचे अध्यक्ष केरळचे, पांढऱ्या मिशांचे, सभ्य गृहस्थ. मी आणि अमेय समोर बसलो. गाडीतून येताना ठरलं होतं की २००५ पासून सांगायचं. अमेयने दोनदा वदवून घेतलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "मिस्टर उजागरे, युवर फेलोशिप, हाऊ डिड इट बिगिन?"

इतका साधा प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. मी बोलायला लागलो. परका मुलूख, वाळवंट, पाठबळ नाही. तोंडाला ते वाक्य इतकं बसलेलं की आपोआप पुढे आलं. "सर, इन ट्वेंटी इलेव्हन, आय स्टार्टेड इट फ्रॉम नथिंग." अमेयने टेबलाखालून माझा पाय दाबला. तोवर बोलून झालं होतं.

अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "व्हेरी इन्स्पायरिंग." आणि आम्हाला मंगळवार दिला.

बाहेर येऊन अमेय थेट गाडीत बसला. गाडी चालू केली आणि खिडकी उघडली, त्या उन्हात. संकुलात पोचलो तर वरच्या मजल्यावर सगळे वाट बघत होते. अमेयने सांगितलं, मंगळवार मिळाला. कसा ते त्याने सांगितलं नाही, हे त्याचे उपकार. तानूबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "माझं तर संपलंच मग," म्हणाली. "मला कोण सोडतंय मंगळवारचं." नयना तिच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली. मी खुर्च्या आवरत होतो. लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, फार लाज वाटली.

शनिवार, २४ जून

नयनाला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकून घेतलं. मी म्हटलं, तू चल माझ्याबरोबर, तू अध्यक्षांना सांग बिन महमूदचं.

"मी का सांगू? मी कुठे म्हटलं होतं, काही नव्हतं म्हणून?"

मला राग आला. म्हटलं, म्हणजे आता सत्काराला उभं राहून मीच सांगू का, की मंडळी माझ्या बायकोने काढली?

ती हातातला टॉवेल तसाच धरून बसली. "मला मंडळी नव्हती हो काढायची. मला एकटं वाटायचं. तुम्ही तिकडे, पोरगी चार वर्षांची, ती सासूबाईंकडे. फोनवर मला ओळखेना. शुक्रवारी सुट्टी आली की मला भीती वाटायची घरात. म्हणून दार उघडं ठेवायचे, की कोणी मराठी बोलणारं असेल तर येईल. तानूबाई तेव्हा खालच्याच मजल्यावर कामाला होती, ती आली पहिली. तिची पण पोरं गावाला होती. आम्ही दोघी बसून रडलो, मग म्हटलं, गाणं म्हणू. एवढंच होतं."

मी हे कधी विचारलंच नव्हतं. मुळात तिथे काही नव्हतं असं धरून चाललं, की विचारायचं तरी काय?

शुक्रवार, ३० जून

ईदच्या सुट्टीमुळे अध्यक्ष थेट आजच भेटले, उपासनेनंतर, व्हरांड्यात. मी एकटाच गेलो. अमेय येतो म्हणाला होता, पण मीच नको म्हटलं.

म्हटलं, सर, परवा मी चुकीचं सांगितलं. आमची मंडळी २००५ पासून आहे. माझ्या बायकोच्या घरी भरायची, बिन महमूदला. मी तिला फक्त नाव दिलं.

ते म्हणाले, मिस्टर उजागरे, परवा नथिंग, आज समथिंग. आता खोली हवी म्हणून सगळेच आधीचे होतात. त्या वेळी कोण येत होतं, नावं सांगा.

मला तानूबाईशिवाय एक नाव सांगता आलं नाही. एक! २००९ ते २०११ मी त्याच घरात होतो. बायका आल्या की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचो आणि नोकरीच्या जाहिराती बघायचो. मी व्हरांड्यात उभा राहून आठवत होतो आणि मला फक्त दाराबाहेरच्या चपला आठवत होत्या. शेवटी म्हटलं, सर, मला माहीत नाही, माझ्या बायकोला माहीत आहे. सिस्टर नयना.

"सिस्टर नयना? ऑफ बिन महमूद?" त्यांचा चेहराच बदलला. "यू आर सिस्टर नयनाज हजबंड? व्हाय डिडन्ट यू से सो दॅट डे!" त्यांची बायको त्या वेळी तिच्याच वॉर्डात नर्स होती. मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी दर शुक्रवारी जायची. घरी येऊन दोन-तीन मराठी गाणी चुकीच्या उच्चारात म्हणायची. ते स्वतः गाडीतून तिला सोडायला यायचे, खाली थांबायचे. "माय वाइफ यूज्ड टु से, दॅट डोअर वॉज नेव्हर लॉक्ड."

शुक्रवारची खोली राहिली. अध्यक्षांनी तिथल्या तिथे सांगितलं. आमच्या मंडळीचं नाव मी घटनेत पाच शब्दांचं लिहिलं आहे, पण त्यांनी समितीच्या माणसाला हाक मारून सांगितलं ते असं: "सिस्टर नयनाज ग्रुप, फ्रायडे."

तानूबाईने मला ओलांडून जाऊन नयनाला मिठी मारली. मीच निरोप घेऊन आलो होतो, तरी.

मंगळवार, ४ जुलै

मानपत्र दुरुस्त करायला घेतलं. 'शून्यातून' खोडलं. मग 'पाठबळ नसताना' खोडावं लागलं, कारण पाठबळ होतं, तिच्या पगारावर घर चालत होतं. 'विरळा' गेलं. उरलं काय? माझं नाव, जन्मगाव, शिक्षण आणि 'काँक्रीट क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव'. एवढ्यावर शाल देत नाहीत.

अमेयला फोन करून सांगितलं, सत्कार रद्द. द्यायचाच तर नयनाला द्या. त्याने स्पीकर चालू केला असावा, कारण मागून नयनाचाच आवाज आला, ती त्याच्या घरी गेली होती: "मला मुळीच नको हं. जुलै महिन्यात दोह्यात शाल पांघरवून मारता का मला?" मग तिने विचारलं, चौदा तारखेचा पाठ मी घेऊ का?

मी म्हटलं, घे. विषय कोणता? म्हणाली, तोच, पाण्याचा. अनुष्काला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

मी विचारलं, मुद्दे काढून देऊ का? "नको," म्हणाली.

शुक्रवार, १४ जुलै

साठ पूर्ण. साइटवर काल खडी आली, ओमानहून. कमालने फोन करून आधी खडीची बातमी दिली, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा.

संकुलात पोचल्यावर अमेय म्हणाला, काका, बिर्याणी येतेय, गेटवर गाडी सोडत नाहीत, तुम्ही घेऊन येता का? पूर्वी असं काम मला कोणी सांगितलं नसतं. गेलो. उन्हात उभा राहिलो. गाडी उशिरा आली. पिशव्या घेऊन दोन जिने चढून वर आलो तर दार बंद आणि पाठ सुरू झालेला.

दोन्ही हात गुंतलेले. हाक मारणार होतो, तेवढ्यात आत सगळे हसले. साधंसुधं नाही, अगदी पोट धरून. तानूबाईचा आवाज सगळ्यांत वर. मग नयना काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही, आणि परत हसले. मग एकदम शांत झाले. त्या शांततेत कोणीतरी नाक ओढलं. मग गाणं सुरू झालं.

पाळकांच्या गैरहजेरीत मी इतके पाठ घेतले, या दारामागे माणसं अशी हसल्याचं मला आठवत नाही. मी पिशव्या खाली ठेवल्या नाहीत आणि दारही वाजवलं नाही. वाजवलं असतं तर त्यांनी उघडलं असतं. सगळे उठून उभे राहिले असते, हॅपी बर्थडे म्हणाले असते आणि तो पाठ तिथेच थांबला असता. म्हणून तसाच उभा राहिलो; दाराखालच्या फटीतला उजेड माझ्या बुटांवर पडत होता.

परतताना नयना तानूबाईला सोडायला दुसऱ्या गाडीतून गेली. गाडीत मी आणि अनुष्का. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय ग, आई काय म्हणाली? पाणी कोणी केलं?

"शी सेड शी डझन्ट नो."

"मग हसत काय होता एवढे?"

ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "इट्स नॉट फनी इफ आय टेल यू, डॅडी. यू हॅड टु बी देअर."

मी म्हटलं, मी होतो ग तिथेच, दाराबाहेर.

ती म्हणाली, "आय नो. आय सॉ युअर शूज."